देवाला लावलेली थुंकी

कित्येक वर्षं मी देवांना थुंकी लावून पुसत होते आणि त्याचा मला पगार मिळायचा. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग तोंड वाकडं करतात, मग विचारतात, "खरंच?" खरंच हो. आता तर सांगायचासुद्धा कंटाळा आलाय, पण एकदा नीट सांगून टाकते.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आम्ही जर्सी सिटीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. नवरा नदीपलीकडे मॅनहॅटनला एका कंपनीत कॉम्प्युटरवर होता आणि मी केमिस्ट्रीतली एम.एस्सी. ट्रंकेत घालून घरात बसले होते. एका हळदीकुंकवाला एक काकू म्हणाल्या, "अगं, मॅनहॅटनला एक छोटंसं म्युझियम आहे. त्यांना तळघरात हाताखाली कुणीतरी हवंय. केमिस्ट्रीवाली चालेल." मला वाटलं, प्रयोगशाळा असेल, बरण्या असतील, नळ्या असतील. बरण्या होत्या, पण त्या कपाटाला कुलूप आणि किल्ली वरच्या लोकांकडे. माझ्यासमोर पहिल्या दिवशी ठेवलं काय, तर कापसाचा गठ्ठा आणि बांबूच्या बारीक काड्या.

आमची साहेबीण साठीची, उंच, वाळकी. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला आणि बोलणं एकदम तुटक. तिनं काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, सरळ तोंडात घातला, बाहेर काढला आणि दगडावरून हलकेच फिरवला. पांढरा कापूस काळाकुट्ट झाला. तो टाकला, नवा घेतला. "दगडाला लागलेला बोळा पुन्हा तोंडात घालायचा नाही, एवढंच लक्षात ठेव," ती म्हणाली. "पाण्यानं ही काजळी निघत नाही. औषध लावलं तर दगड बिघडतो. थुंकीनं बरोबर निघते." शास्त्र मला कळत होतं. थुंकीत अन्न पचवणारे पदार्थ असतात, ते तेलकटपणा सोडवतात, हे मी कॉलेजात शिकले होते. पण समोर देव होता, हो! मी काडी हातात धरून तशीच उभी राहिले.

तो दगड म्हणजे इजिप्तची एक जुनी शिळा. चुनखडीची, घराच्या दाराएवढी, टेबलावर आडवी ठेवलेली. कुणा श्रीमंत माणसानं ती आपल्या दिवाणखान्यात शेकोटीच्या वर भिंतीत बसवली होती. लाकडांचा धूर आणि त्याच्या चिरुटांचा धूर वर्षानुवर्षं देवांच्या अंगावर बसत राहिला. पुढे वारसांनी घर विकलं आणि शिळा म्युझियमला देऊन टाकली. तिच्यावर देव कोरलेले, एकामागे एक, सगळे एकाच बाजूला तोंड करून. रॉकेलच्या रांगेत उभे असावेत तसे. पहिला होरस, अंग माणसाचं आणि डोकं बहिरी ससाण्याचं. त्याच्यामागे थोथ, त्याचं तोंड शराटी पक्ष्याचं, लांब वाकडी चोच आणि हातात लेखणी. मग कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, मेलेल्यांची देखभाल करणारा. मग एक सिंहिणीच्या तोंडाची देवी. आणि सगळ्यांत शेवटी तावेरेत.

हिच्यात काय नव्हतं ते विचारा! पाणघोडीचं तोंड, पाणघोडीचं अंग, सिंहाचे पंजे, पाठीवरून खाली लोंबणारं मगरीचं खवल्याखवल्यांचं शेपूट. स्तन ओघळलेले आणि पुढे हे एवढं पोट, नऊ महिने भरलेलं. माणसासारखी दोन पायांवर उभी. बाळंतिणींची राखण करणारी देवी आहे, असं साहेबिणीनं सांगितलं. अख्खं कोरीवकाम नखाएवढ्याच उठावाचं, पण बाजूनं दिवा धरला की ते पोट गरगरीत गोल दिसायचं. कुणी कोरलं असेल देव जाणे, पण त्यानं दिवस भरलेली बाई जवळून पाहिलेली होती.

आमच्या घरी नैवेद्याच्या खिरीचा वासही घ्यायचा नाही, देवाची फुलं हुंगायची नाहीत, असं वळण. उष्टं म्हणजे उष्टं, त्यात मागेपुढे नाही. आणि मी आता होरसच्या डोळ्याला उष्टा बोळा लावत होते. पहिल्या दिवशी मनात म्हणाले, "बाबा रे, पोटासाठी करतेय, रागावू नकोस." दुसऱ्या दिवशीही म्हणाले. मग हळूहळू म्हणायचं राहून गेलं. काम भयंकर संथ. दिवसभरात पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा उजळली तरी खूप. त्यात या शिळेची कुणाला घाई नव्हती, दुसरं तातडीचं काम आलं की हिच्यावर प्लॅस्टिक टाकून ठेवायचं. संध्याकाळी जबडा दुखायचा, मान दुखायची, डोळ्यांसमोर ठिपके यायचे. नदीखालून जाणाऱ्या गाडीत उभ्यानं घरी यायचं आणि कुकर लावायचा. 

पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी होरसच्या चोचीवर होते. तिसऱ्या महिन्यात गेलं ते. डॉक्टर म्हणाला, "होतं असं. कारण काही नसतं." आठवडाभर घरी पडले आणि परत कामाला लागले. दुसऱ्यांदा थोथवर होते. ते चौथ्यापर्यंत टिकलं. नावांची चर्चासुद्धा करून बसलो होतो आम्ही, नको ते. मी डॉक्टरला विचारलं, का? तो पुन्हा तेच म्हणाला, "होतं असं." त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. पण तोही बिचारा काय करणार? त्यालाही दुसरं काही माहीत नव्हतं.

तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा नवऱ्यानं साताऱ्याला कळवलं आणि सासूबाई आल्या. सासरे विमानाच्या भीतीनं मागेच राहिले. बाई मात्र एकट्या, इंग्रजीचा एक शब्द येत नसताना, दोन विमानं बदलून आल्या. साडीवर मुलाचा स्वेटर, पायात मोजे आणि कापडी बूट, बॅगेत मेतकूट, कुळथाचं पीठ, लोणची आणि माझ्यासाठी मऊसूत जुन्या साड्यांची दुपटी. दुपटी मी लगेच कपाटात मागे ढकलली. बघवत नव्हती मला ती. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि मला फर्मावलं, "तू आता फक्त बसायचंस आणि खायचंस."

फार प्रेमळ बाई, हे आधीच सांगून ठेवते. संध्याकाळी मी घरी आले की पाय धुवायला गरम पाणी तयार. मग माझे सुजलेले पाय मांडीवर घेऊन खोबरेल चोळायच्या. मी नको नको म्हणायचे. "गप गं, पाय तुझे असले तरी पोटातलं माझं आहे," असं म्हणून दटावायच्या. 

आणि मग एक दिवस जेवताना नवऱ्याला गंमत करायची हुक्की आली. "आई, तुला माहितीये का तुझी सून काय करते? देवांवर थुंकते!" 

त्या हसल्या. त्यांना वाटलं थट्टाच आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय गं हा बोलतोय?" मी मेली शहाणी, नीट समजावून सांगायला गेले. काजळी, कापूस, बांबूची काडी, थुंकीतले गुण. सांगता सांगता मला कळत होतं की त्यांचा घास हातातच राहिलाय.

"शिव शिव शिव," त्या म्हणाल्या. मग अगदी शांतपणे विचारलं, "पहिलं गेलं तेव्हा कुठल्या देवाला लावत होतीस?"

मी वेड्यासारखं खरं उत्तर दिलं. "ससाण्याच्या तोंडाच्या."

"आणि दुसरं?"

"शराटीच्या."

"बघ," त्या म्हणाल्या.

त्या 'बघ'नं माझं डोकंच फिरलं. "काय बघ? आई, दगड आहे तो!"

"आपलाही दगडच असतो."

"अहो, पण ते आपले देव नाहीत."

"कुणाचे तरी आहेत ना? आपल्या गणपतीला हत्तीचं तोंड, नरसिंहाला सिंहाचं. ससाण्याचं तोंड असलं म्हणून काय तो देव नाही झाला?"

"आणि पदराला थुंकी लावून पोराचं तोंड पुसता ते? ते चालतं?"

"पोराचं पुसतो आम्ही. देवाचं नाही पुसत," त्या म्हणाल्या आणि ताट बाजूला सारून उठल्या. नवरा खाली मान घालून आमटी-भात कालवत बसला होता. त्याला म्हटलं, "बोल की आता! आग लावलीस ना?" तर म्हणतो, "तुम्ही दोघी बघा बाई तुमचं." असा राग आला त्याचा! 

त्या दिवसापासून घरात तो विषय मुक्कामालाच आला. सासूबाई ओरडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. पाय तसेच चोळायच्या, नाचणीची खीर तशीच समोर ठेवायच्या. फक्त मध्येच हात थांबायचा आणि म्हणायच्या, "तुला मुद्दाम नव्हतं गं करायचं, मला माहीत आहे. पण झालं ते तुझ्या हातून." मी ज्या दोन जिवांसाठी न्हाणीघरात नळ सोडून रडले होते, ते माझ्याच तोंडानं मारले, असं ही बाई मला मायेनं सांगत होती. तिच्या मायेमुळे धड भांडताही येत नव्हतं. दुष्ट असती तर बरं झालं असतं, दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. 

पण खरं सांगायचं तर मी दमले होते. सकाळी ओकाऱ्या, मग गाडी, मग तळघर, मग पुन्हा गाडी, मग हे. शास्त्राची बाजू घेऊन रोज संध्याकाळी उभं राहायचं त्राण माझ्यात नव्हतं. एक दिवस साहेबिणीला सगळं सांगितलं. सासूबाई आल्यात, त्या असं असं म्हणतात, मला या दिवसांत थुंकीचं काम नको. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. "या खोलीतली सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट म्हणजे तुझी थुंकी आहे," ती म्हणाली. म्हटलं, "मला माहीत आहे. तरीही." तिनं खांदे उडवले आणि मला फुटक्या खापरांवर बसवलं, कोरड्या ब्रशनं माती झाडायला. तोपर्यंत शिळेवरचे चार देव उजळले होते. पाणघोडी तेवढी काळी राहिली आणि तिच्यावर प्लॅस्टिक पडलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाईंचा चेहरा असा खुलला की काय सांगू! पण तेवढ्यानं भागलं नाही. "आता एकदा मला घेऊन चल तिथं. क्षमा मागायला हवी." मी कपाळावर हात मारून घेतला. पण बाई ऐकेनात. शेवटी साहेबिणीची परवानगी काढली आणि एका शुक्रवारी दुपारी त्यांना घेऊन गेले. निघताना कुंकू जरा लहान लावा म्हटलं. त्या काळात आमच्या भागात टिकली बघून टारगट पोरं शिव्या द्यायची. "देवाच्या दारी जायचं आणि कुंकू लहान लावायचं?" म्हणून त्यांनी नेहमीपेक्षाही मोठं लावलं.

तळघराच्या दारात त्यांनी बूट काढले. साहेबीण म्हणाली, फरशीवर काचा असतात, बूट घालू दे. मी सांगून पाहिलं, त्यांनी फक्त हात हलवला. मोज्यांवर चालत टेबलापाशी आल्या. मी प्लॅस्टिक काढलं आणि दिवा बाजूनं धरला. ससाणा पाहिला, शराटी पाहिला, कोल्हा, सिंहीण. प्रत्येकासमोर थांबून हात जोडले. मग पाणघोडीपाशी आल्या आणि एकदम म्हणाल्या, "अगं बाई! ही तर दिवस भरत आलेली!"

मी म्हटलं, "हो. बाळंतिणींची देवी आहे."

"मग हिची ओटी कुणी भरली की नाही?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून खण, नारळ आणि तांदळाची पुडी काढली. साहेबीण दोन ढांगांत आली. तांदूळ, नारळ, खाण्याची कुठलीही वस्तू तळघरात आणायची नाही, किडे होतात, असा नियम होता आणि त्या नियमापुढे ती कुणाचंही ऐकायची नाही. तिनं पुडीवर हात ठेवला. सासूबाईंनीही पुडी सोडली नाही. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत उभ्या, भाषा एकीची दुसरीला येत नाही, आणि मध्ये मी, चौथा महिना लागलेली, पाय भरून आलेली. मी मराठीत एकीला आणि इंग्रजीत दुसरीला विनवत होते. शेवटी सासूबाईंनी पुडी पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "किड्यांची भीती वाटते हिला. देवाची नाही वाटत."

मग त्या वळून पाणघोडीसमोर उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आई, पोरीला कळत नव्हतं. चुकली ती. तिचा अपराध पोटात घाल आणि हे तरी नीट पार पडू दे."

साहेबिणीनं मला विचारलं, "काय म्हणताहेत?" मी म्हटलं, "नमस्कार करताहेत." माझे कान तापले होते. मी न केलेल्या गुन्ह्याची माफी माझ्यादेखत, माझ्या कामाच्या जागी मागितली जात होती आणि मी दिवा धरून उभी होते. वाटलं, तो दिवा आपटावा आणि म्हणावं, मी काही केलेलं नाही! नाही म्हणाले. पोटात होतं ना. कोण जाणे, असंही कुठेतरी वाटलंच असणार. 

बाहेर कोट टांगायच्या खोलीत त्यांनी मला बाकावर बसवलं आणि त्याच खणानारळानं माझी चोरओटी भरली. आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गाजावाजा न करता भरतात ती. आधीच्या दोन्ही वेळी कुणी भरली नव्हती. तांदूळ ओंजळीतून पदरात पडताना त्या रडत होत्या. मीही रडले. त्यांच्यावरच्या रागानं रडले की त्यांच्या मायेनं, मला आजही सांगता येणार नाही.

मुलगी झाली. दिवस भरून, धडधाकट, तळघरापर्यंत ऐकू जाईल अशी रडणारी. आमच्या आनंदाला पारावार नव्हता, नवरा तर हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये अनोळखी लोकांना पेढे वाटत सुटला. सासूबाईंनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं, तिच्या कपाळाला गाल लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "थुंकी सोडलीस, बघ."

बारशाला एडिसनहून, जर्सी सिटीतून, कुठून कुठून मराठी मंडळी आली होती. बायकांच्या घोळक्यात सासूबाईंनी ती गोष्ट सांगितली. ससाणा, शराटी, पहिलं, दुसरं, मग क्षमा, मग ही. चांगली रंगवून सांगितली, बोलण्यात हातखंडा होता त्यांचा. काही बायका "अगं बाई!" म्हणाल्या. एक काकू, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, माझ्याजवळ येऊन दंडावर थोपटत म्हणाल्या, "जाऊ दे हं. तुला तरी काय माहीत?" मी बाळाला दूध पाजायच्या निमित्तानं आत जाऊन बसले. माझं मूल मांडीवर होतं, आणि तेच माझ्याविरुद्धचा पुरावा होतं. ते जितकं गुटगुटीत होणार तितकी मी गुन्हेगार ठरणार. काय करायचं माणसानं? 

व्हिसाची वाढवून घेतलेली मुदत संपली तशा सासूबाई साताऱ्याला परत गेल्या. जाताना विमानतळावर पुन्हा बजावून गेल्या, "त्या कामाला पुन्हा हात लावू नकोस हं, बाळ." मी मान हलवली. मुलीला खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे ठेवून मी कामावर गेले आणि पहिल्याच आठवड्यात पाणघोडीवरचं प्लॅस्टिक काढलं.

मुलगी चालायला लागली आणि मला पुन्हा दिवस गेले. नवरा म्हणाला, "आता परत खापरं घे हं." मी म्हटलं, "नाही घेणार." 

"अगं, कशाला विषाची परीक्षा?"

"विष नाहीये ते. माझी थुंकी आहे." 

"मग आईला काय सांगू?"

"काही सांगायचं नाही. मूल झालं की मी सांगीन." 

त्यानं नेहमीसारखी मान खाली घातली. 

लोकांना वाटेल, शिकलेली बाई, तिला कसली भीती? अहो, मी इतकी घाबरले होते की तोंड कोरडं पडायचं. काडी तोंडात घालायची, फिरवायची, बाहेर काढायची, कापूस कोरडाच. पाणी पिऊन यायचे, पुन्हा तेच. तिसरा महिना संपेपर्यंत रोज सकाळी बाथरूममध्ये जायच्या आधी दाराशी उभी राहायचे. मी तावेरेतचे पंजे पुसले, शेपटाचे खवले एकेक करून पुसले, ओघळलेले स्तन पुसले. चौथा महिना गेला. मग तिच्या पोटाला सुरुवात केली. माझं पोट टेबलाला टेकायला लागलं तशी खुर्ची मागे घेऊन, हात लांब करून पुसायला लागले. कंबर मोडून यायची. साहेबीण म्हणायची, घरी जा, ही कुठे पळून जात नाही. मी जायचे नाही. मूल गेलं असतं तर? तर एका भांडणापायी मी आणखी एक घालवलं, असंच झालं असतं, आणि मग मला शास्त्रानंही वाचवलं नसतं. हे मला रोज कळत होतं आणि तरी मी रोज काडी तोंडात घालत होते. हट्ट म्हणा. मला त्या दोघांच्या मरणातून सुटायचं होतं, दुसरं काही नाही.

मुलगा झाला. दिवस भरून, ताईपेक्षाही वजनदार. 

हॉस्पिटलमध्ये सकाळी फोन करायची सोय करून घेतली. साताऱ्याला संध्याकाळ होती. त्यांच्याकडे फोन नव्हता, शेजारी होता. शेजाऱ्यांनी हाका मारल्या, धावपळ ऐकू आली, मग सासूबाई आल्या, धापा टाकत. नातू झाला म्हटल्यावर फोनवरच हसायला आणि रडायला लागल्या. "कसा आहे? रंग कुणाचा? तू बरी आहेस ना? टाके पडले का?" मी सगळ्याची उत्तरं दिली. मग म्हटलं, "आई, एक सांगायचंय."

"बोल ना, बाळ."

"मी ते काम सोडलं नव्हतं. सगळे दिवस करत होते. त्या पाणघोडीचं पोट मी माझ्या थुंकीनं पुसलं, अगदी परवापरवापर्यंत." 

मी हे वाक्य कित्येक महिने मनात घोळवून ठेवलं होतं. म्हणताना आवाज चढला माझा. पलंगावर उठून बसले मी. आता त्या काय म्हणतील तेही मी ठरवून ठेवलं होतं. रागावतील, शिव शिव म्हणतील, किंवा म्हणतील, चुकलं गं माझं. काहीही म्हणोत, मी सुटले होते.

"आई?" म्हटलं. "ऐकताय ना?"

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "म्हणजे थुंकीचं काही नव्हतं."

"नव्हतं."

"मग ती दोघं का गं गेली?"

हा प्रश्न मी एकदा डॉक्टरला विचारला होता. त्यानंतर इतकी वर्षं मी फक्त 'माझ्यामुळे नाही, माझ्यामुळे नाही' एवढंच म्हणत बसले होते. त्या बिचाऱ्यांबद्दल मी पुन्हा विचारलंच नव्हतं कुणाला. सासूबाईंकडे निदान एक उत्तर होतं आणि तेही मी आत्ता, नातवाच्या जन्माच्या दिवशी, काढून घेतलं होतं.

"माहीत नाही, आई," मी म्हटलं.

"देवाला काही लागलं नव्हतं, कुणाचं काही चुकलं नव्हतं, आणि तरी गेली?"

"हो."

त्या रडायला लागल्या. मुलगा झाल्याचं ऐकून रडल्या होत्या तसं नाही, आवाज न करता, नुसता श्वास तुटत होता. शेजारच्या पाळण्यात बाळ झोपलं होतं आणि नर्स औषध घेऊन दारात थांबली होती. त्या दोघांसाठी आजवर मी एकटीनं, न्हाणीघरात, नळ सोडून रडले होते. त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी सोबतीनं रडले.